झबली निळी का चमकली?

१

परीक्षक बाईंनी ऑफिसची खिडकी लावून घेतली, पडदा ओढला आणि पिशवीतून जांभळ्या प्रकाशाचा एक छोटा दिवा काढला. टेबलावर नवजात बाळांची पांढरी झबली ओळीने मांडलेली होती. दिव्याखाली पहिलं झबलं मातकट दिसलं, दुसरंही तसंच. तिसरं मात्र असं निळं चमकलं की सूनबाई टेबलावर वाकून बघू लागली.

"हे काय आहे?" मालकांनी विचारलं. मालक म्हणजे तिचे सासरे.

"ते तुम्ही मला सांगायचं," परीक्षक बाई म्हणाल्या. "कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून जे रसायन वापरतात, ते या दिव्याखाली असं चमकतं. तुमच्या प्रमाणपत्राप्रमाणे कापूस सेंद्रिय हवा, आणि शेतापासून खोक्यापर्यंत हे रसायन त्याच्या आसपासही फिरकायला नको. या एका खोक्यात अशी आठ झबली निघालीत. बाजारातलं साधं कापड घालायचं आणि सेंद्रिय म्हणून विकायचं, यालाच लोक फसवणूक म्हणतात."

सूनबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. कारखान्यात हे प्रमाणपत्राचं वेड आणलं होतं तिनेच. प्रत्येक कागदावर सही तिची. तिच्या खुर्चीमागे दोन चौकटी लावलेल्या होत्या. एक प्रमाणपत्र कापसाचं आणि रसायनांचं, दुसरं माणसांचं: मजुरी रास्त, कामावर लहान मुलं नाहीत, हवा-उजेड नीट, आणि कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर. चार लोक जमले की ती त्यांना सांगायची, "निसर्गस्नेही असं काय, कुणीही छापतं हो. त्या शब्दावर जाऊ नका. खाली नंबर आहे का बघा, आणि तो नंबर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जुळतो का ते विचारा." आता त्या चौकटींकडे बघायचीही तिला चोरी झाली.

"सोमवारी मी परत येते," परीक्षक बाई उठल्या. "तोवर कारण सांगा. नाहीतर प्रमाणपत्र रद्द."

प्रमाणपत्र गेलं की प्रसूतिगृहाचं मोठं काम जाणार होतं, आणि त्या कामावर निम्म्या बायकांची मशिनं चालत होती. दार लागताच मालक म्हणाले, "आपल्यातच कुणीतरी चोर आहे, सूनबाई. सोमवारच्या आत तो मला हवाय."

२

पोलिसात जायचं तर गावभर बोभाटा. म्हणून मालकांनी मावशींना बोलावलं.

मावशी म्हणजे सूनबाईच्या सासूची थोरली बहीण. त्यांची उभी नोकरी विमा कंपनीत, जळालेली गोदामं हुंगण्यात गेली होती. आग लागली की लावली, हे त्या राखेवरून सांगतात अशी घरात ख्याती होती. मावशी स्वतः म्हणायच्या, "राख कसली बोलतेय? मालकाचं तोंड बोलतं." गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या दिसेल त्या स्टुलावर बसायच्या, आणि एकदा बसल्या की समोरच्याला उठू द्यायच्या नाहीत.

पहिला नंबर लागला कटिंग मास्टरचा. त्याच्या मिशाच रागाने थरथरत होत्या.

"कात्रीवर केस पिकले माझे, आणि आता चोर ठरवताय?"

"चिडलास ते बरं झालं," मावशी म्हणाल्या. "चिडलेला माणूस पाल्हाळ लावत नाही. तू साधं कापड घातलंस का?"

"घातलं असतं तर आठ कशी निघाली असती? मी थरावर थर टाकून अख्खी चळत एकदम कापतो. एक तागा खोटा निघाला तर शेकड्यांनी झबली खोटी निघतील. डोकं चालवा की जरा!"

"चालवतेय रे बाबा. तुझ्याइतकं धारदार नाही ते."

मग आला स्टोअरकीपर. कापडाच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असायची, त्यामुळे सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावरच. तो घामाने निथळत होता.

"आत आलेल्या कापडाचं वजन आणि बाहेर गेलेल्या कपड्यांचं वजन जुळावंच लागतं, मावशी. प्रमाणपत्राचा नियमच आहे तो, म्हणजे मध्ये कुणी खोटं कापड घुसवू शकत नाही. चिंध्यासुद्धा तोलतो मी. डाग पडलेला कपडा टाकायचा झाला तर ताईंना दाखवायचा, कसा डागला ते सांगायचं, मगच टाकायचा. इथून एक टोपडंसुद्धा गुपचूप गायब होत नाही."

"ताई म्हणजे तू?" मावशींनी सूनबाईकडे पाहिलं.

"हो. तो नियम मीच कडक केलाय," सूनबाई म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिची मान जरा वर झाली.

मावशी नुसत्या हुं म्हणाल्या. त्या हुंमध्ये कौतुक होतं की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

३

शिवणखात्याच्या टोकाला, एकावर एक रचलेल्या तयार मालाच्या खोक्यांच्या भिंतीला लागून इस्त्रीवाले बाबा उभे होते. त्यांच्या टेबलावर एक रेडिओ इतक्या जोरात कोकलत होता की मशिनांचा खडखडाट त्याच्यापुढे फिका पडावा.

"बाबा, जरा कमी करा हो तो!" सूनबाई ओरडली. गेले काही महिने या रेडिओने तिचं डोकं उठवलं होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, हसले आणि इस्त्री फिरवत राहिले. मावशींनी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा कुठे ते थांबले, आणि मावशींच्या ओठांकडे एकटक बघू लागले.

"ही झबली तुम्हीच इस्त्री केलीत ना?"

"काय?"

मावशींनी तेच पुन्हा, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"सगळीच मी करतो," बाबा म्हणाले. "इथून पुढे फक्त खोकं."

"काही वेगळं दिसलं यांच्यात?"

बाबांची नजर ओठांवरून हलली, खोक्यांच्या भिंतीकडे गेली आणि झटकन परत आली. "म्हातारा माणूस मी, मला काय दिसणार?" असं म्हणून त्यांनी इस्त्री उचलली.

त्यांच्या शेजारी काजं-बटणाचं काम करणारी बाई बसली होती. अंगाने एवढीशी, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. मावशी नुसत्या तिच्याकडे वळल्या, तोच ती उभी राहिली. "ताई, माझं काही चुकलं का?"

"अजून मी काही विचारलंही नाही," मावशी म्हणाल्या. "बस गं. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि..." चिमणी अडखळली. "मी एकटीच. नवरा बाहेरगावी कामाला असतो."

त्या क्षणी रांगेतल्या सगळ्या बायकांच्या माना एकदम मशिनांवर झुकल्या. चिमणीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि तिने सुईत दोरा ओवायचा केलेला प्रत्येक प्रयत्न फसत होता. सूनबाईच्या मनात आलं, हीच ती. इतकी भित्री, इतकी गरीब बाई चोर निघावी याची तिला आधी चीड आली, आणि मग आपण एवढ्यात निकाल देऊन मोकळ्या झालो याची लाज वाटली.

"मला कुठेतरी शांत बसायचंय," मावशी म्हणाल्या. "तुमचं ते पाळणाघर कुठे आहे म्हणालीस?"

४

पाळणाघराची किल्ली ऑफिसात मालकांच्या खणात होती. ती सापडेपर्यंत सूनबाईने अख्खा खण उपसला.

खोली छान होती. भिंतीवर हत्ती-घोडे रंगवलेले, कोपऱ्यात पाळणा, खाली मऊ गादी. मावशी गादीवर टेकल्या तशी ती करकरली, कारण तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बाहुल्याही परत आपापल्या पिशव्यांत घालून ठेवलेल्या होत्या.

"मुलं येत नाहीत हो फारशी," सूनबाई घाईघाईने म्हणाली. "बायका आपली मुलं घरी ठेवतात. त्यांना तेच बरं वाटतं."

"घरी कुणापाशी?"

"असतंच ना कुणीतरी घरी."

"असतंच," मावशी म्हणाल्या. त्यांनी हा शब्द इतक्या सौम्यपणे उच्चारला की सूनबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती खिडकीचा कडी-कोयंडा उगाच खालीवर करत राहिली.

मावशींनी विषय बदलला, निदान तिला तरी तसं वाटलं. "तुमच्या गल्ल्यावर खोट्या नोटा ओळखायचा दिवा आहे ना? तो आण. आणि ती चमकणारी झबली आण, सोबत एक चांगलंही. दार लावून घे."

अंधार झाल्यावर मावशींनी झबलं उलटं केलं. "आता नीट बघ. कापड चमकतंय. शिवण बघ. दोरा?"

"दोराही चमकतोय."

"गळ्याची पट्टी? त्यावर तुमची खूण विणलीय ती?"

"तीही." सूनबाई वाकून पाहू लागली. "पण दोरा आपला सेंद्रियच आहे. पट्टीही. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, आणि दोन्ही तपासलेली आहेत."

"मग कापड, दोरा आणि पट्टी, तिघांनाही एकदम हा रोग कसा लागला?"

मावशींनी चमकणारं झबलं चांगल्या झबल्यावर ठेवलं. माप तेच, पण ते बोटभर आखूड होतं.

"आटलंय," सूनबाई पुटपुटली.

"आता गंमत बघ." मावशींनी आपला हातरुमाल काढून दिव्याखाली धरला. तो झबल्यापेक्षाही लख्ख निळा पेटला. "ही तुझी मावशी, पक्की भेसळयुक्त. घरोघरी कपडे धुवायची जी पावडर असते ना, तिच्यात हेच रसायन असतं."

"म्हणजे झबली... कुणी धुतली?"

"घरी नेऊन धुतली, वाळवली, परत आणली. इस्त्री झाली, खोक्यात गेली. मास्टर सुटला, स्टोअरकीपर सुटला. त्यांचं काम शिवणीच्या आधीचं. आणि फायद्याचं म्हणशील, तर आठ झबली धुऊन कुणाचं घर भरत नाही. ही चोरी नाहीच, पोरी. कुणीतरी काहीतरी झाकलंय."

"काय झाकलंय?"

मावशी गुडघ्यावर हात दाबून उठल्या. "ते विचारायला आपण जाऊ. पण आधी मला सांग, ज्या माणसाला आपल्या कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, तो रेडिओ कुणासाठी लावतो?"

५

मावशींच्या सांगण्यावरून मालकांनी मुख्य बटण खाली केलं. मशिनं एकेक करत थांबली. रेडिओ सेलवर चालणारा होता, त्यामुळे तो एकटाच गात राहिला. बायका जागच्या जागी ताठ झाल्या.

मावशी लंगडत बाबांच्या टेबलापर्यंत गेल्या आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

बाबांना आवाज गेलेला कळला नाही, पण बायकांचे चेहरे त्यांना दिसले. त्यांनी इस्त्री खाली ठेवली आणि दोन्ही हात आडवे पसरून ते खोक्यांसमोर उभे राहिले. मालक काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात खोक्यांच्या भिंतीमागून एक बारीक आवाज आला. आधी कुरकूर, मग चांगलं खणखणीत रडं.

चिमणी पळत गेली आणि मागच्या एका रिकाम्या खोक्यातून तिने आपलं बाळ उचललं. ते चार-सहा महिन्यांचं असेल. अंगावर कारखान्यातलंच झबलं होतं. सूनबाईने ते लगेच ओळखलं, कारण बाळंतपणानंतर चिमणीला ते भेट म्हणून दिलं होतं तिनेच, आणि देताना फोटोही काढून घेतला होता; तरी मघाशी "मी एकटीच" ऐकताना या बाळाची तिला आठवणही झाली नव्हती.

बाळाला उराशी धरून चिमणी सूनबाईच्या समोर आली.

"माफ करा, ताई. एक दिवस त्याला जरा खाली ठेवलं, तर ते पालथं झालं आणि शेजारच्या गठ्ठ्यावरच शू... वरची झबली भिजली. टाकायची तर तुम्हाला दाखवायला लागली असती, कशाने भिजली ते सांगायला लागलं असतं. म्हणून घरी नेली. चांगली दोनदा धुतली हो, पावडर जास्त घालून. डाग राहू नये म्हणून."

"आम्हाला सगळ्यांना माहीत होतं," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "एकटीला नका बोलू तिला."

"अगं, पण मला सांगायचंस ना!" सूनबाई म्हणाली. "पाळणाघर आहे आपलं..."

चिमणीने खाली मान घातली. सांगावं की नको असं तिचं चाललं होतं. "विचारलं होतं, ताई. कामावर परत आले त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, सगळं नवं आहे, आत्ताच वापरलं तर तपासणीच्या वेळी खराब दिसेल. तुमचं खरंच होतं ते. खोली फार छान आहे."

सूनबाईला आठवलं. फोनवर बोलता बोलता, मान वर न करता दिलेलं उत्तर होतं ते. अंगावरचे कपडे कुणी भर बाजारात ओढून घ्यावेत तसं तिला झालं. बाईने शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण ही तर तिचीच बाजू घेत होती.

बाबांना काय बोलणं झालं ते कळलं नव्हतं. ते सूनबाईच्या ओठांकडे बघत वाट पाहत होते. ओठ काही हलले नाहीत.

६

ऑफिसात मालकांनी सुस्कारा सोडला. "चला, सुटलो! सोमवारी सांगू, एका बाईने निष्काळजीपणे कपडे घरी नेऊन धुतले, तिला कामावरून काढलं. कापड आपलं शुद्ध आहे, ते पुन्हा तपासून घ्या. विषय संपला."

"आणि का धुतले असं विचारलं तर?" सूनबाईने विचारलं.

"डाग पडला होता. कसला, ते कोण विचारतंय?"

खरं म्हणजे कुणीच विचारलं नसतं. तोच तर घोर होता. हे उत्तर चालणार होतं, अगदी सुरळीत चालणार होतं. दोन्ही प्रमाणपत्रं राहणार होती, प्रसूतिगृहाचं काम राहणार होतं, मशिनं चालू राहणार होती, आणि एक चिमणी तेवढी उडून जाणार होती.

तिने आशेने मावशींकडे पाहिलं. मावशी आपला हातरुमाल घडी करत होत्या.

"माझ्याकडे नको बघू," त्या म्हणाल्या. "आग कुठे लागली एवढंच मी सांगते. विझवायची कशी, हे घरच्यांनी ठरवायचं."

"तुम्हाला काय वाटतं पण?"

"मला काय वाटायचंय? नोकरीत असताना मी लोकांची लबाडी पकडायची आणि घरी येऊन झोपायचे. ते सोपं होतं गं." मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानेच तिला रडू फुटलं. मालक अवघडून बाहेर निघून गेले.

७

सोमवारी परीक्षक बाई आल्या. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. "त्याचं काय झालं, आमच्या एका कामगार बाईने निष्काळजीपणे..."

"निष्काळजीपणा माझा आहे," सूनबाई म्हणाली.

"सूनबाई!"

"नाही मामंजी, मला बोलू द्या." आणि तिने सगळं सांगितलं. पावडर, डाग, खोकं, रेडिओ, खणातली किल्ली. चिमणीने विचारलं होतं हेही सांगितलं, आणि आपण काय उत्तर दिलं तेही शब्दाला शब्द सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, मधेच कुठेतरी मन हलकं होईल. लोक म्हणतात तसं. झालं काहीच नाही. उलट प्रत्येक वाक्याबरोबर ती आपल्याच नजरेतून आणखी उतरत गेली.

परीक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कपडे का चमकले ते पटलं मला. उरलेला माल तपासते. तो चांगला निघाला तर कापसाचं प्रमाणपत्र राहील. दुसरं मात्र मला आजच थांबवावं लागेल. प्रसूतिगृहालाही कळवावं लागेल, त्यांना दोन्ही लागतात."

मालक मटकन खुर्चीत बसले.

"त्या बाईला काढणार नाही ना?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"नाही," सूनबाई म्हणाली. "बाळ सकाळपासून त्या खोलीत आहे. बाकीच्या दोघी-तिघी उद्या आणतायत आपापली."

परीक्षक बाईंनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण थांबा. गेल्या तपासणीला मी ती खोली पाहिली होती. रिकामी नव्हती हो ती. तीन मुलं खेळत होती आत. एक तर चांगली धीट होती, दोन वेण्यांची. माझ्या मांडीवर येऊन बसली, बाहुलीचं लग्न लावलं माझ्याकडून. घरी जाऊन मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं." त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. "ती कुणाची मुलं होती?"

मालक खिडकीबाहेर बघू लागले. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं, आणि आताही सांगितलं नसतं तर चाललं असतं.

"दोन माझ्या नणंदेची," सूनबाई म्हणाली. "आणि वेण्यांची ती माझी मुलगी. त्या दिवसापुरती आणली होती."

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं. मग हळूच विचारलं, "तिला काय सांगून आणलंत?"

"खेळायला जायचंय, एवढंच." तिचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "अजून विचारते ती मला. म्हणते, आई, आपल्या त्या खोलीत परत कधी जायचं?"